यादीवाले गुरुजी

मे महिना उजाडला की आमच्या गोंदिया जिल्ह्यात तीन हंगाम एकाच वेळी अंगावर येतात. जंगलात तेंदूपत्ता, तलावाखालच्या बांध्यांमध्ये उन्हाळी धानाची कापणी आणि गावोगाव लग्नं. याच दिवसांत एक चौथा हंगामही चालतो, पण त्याची बातमी कुठल्या पेपरात येत नाही. पुढाऱ्यांना सुट्टीत वाचायला पुस्तक देण्याचा हंगाम. तो चालवणारा माणूस जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत एखादा तरी असतोच. निवृत्त प्राथमिक शिक्षक, सार्वजनिक वाचनालयाचा बिनपगारी सचिव, आणि मनात एकच ठाम समजूत: ज्याच्या हाती पद आहे त्याच्या हाती वर्षातून एकदा तरी पुस्तक गेलं पाहिजे. निवडणूक आयोगाने ही अट घातली नाही, म्हणून गुरुजींनी घातली.

मी ज्यांना जवळून पाहिलं ते अर्जुनी मोरगावकडचे. नावाने त्यांना कोणी हाक मारत नाही, सगळे ‘यादीवाले गुरुजी’ म्हणतात. पांढरा लेंगा, वर अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात दोन पेन. निळा वर्गणीदारांसाठी, लाल पुढाऱ्यांसाठी. वाचनालय ग्रामपंचायतीला लागून असलेल्या एका खोलीत. १९६७ च्या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रातल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, त्यात हे ‘क’ वर्गातलं. गुरुजी म्हणतात, “पुढाऱ्यांचेही हेच चार वर्ग असतात जी. फरक इतकाच की आमची तपासणी दरवर्षी होते, त्यांची पाच वर्षांनी.”

तालुक्यातल्या निम्म्या पुढाऱ्यांना त्यांनी दुसरी-तिसरीत पाढे शिकवले आहेत. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात एक उंबरठा आहे. वाचनालयाच्या बाहेर, चारचौघांत, “नमस्कार अध्यक्षसाहेब, या, बसा.” उंबरठा ओलांडून साहेब आत आले की, “चप्पल बाहेर काढ. मागच्या वर्षीचं पुस्तक कुठाय?” साहेबही आत येताना मान आपोआप खाली घालतात. त्यांच्याबरोबर आलेले कार्यकर्ते मग एकदम कपाटांवरच्या पाट्या वाचू लागतात.

प्रत्येक पुढारी आधी स्वतःची फर्माईश घेऊन येतो आणि ती सगळ्यांची एकच असते. नेतृत्वाचे इतके नियम, यशाच्या तितक्या पायऱ्या, पहाटे उठणाऱ्यांची रहस्यं. मुखपृष्ठावर कोटातला एक परदेशी माणूस, हाताची घडी घालून हसत असलेला. असली पुस्तकं वाचनालयात आहेत, देणगीतून आलेली. गुरुजींनी ती सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आहेत आणि शिडी स्वतःच्या घरी. “हाताची घडी घातलेल्या माणसाचं पुस्तक मी देत नाही,” ते सांगतात. “ज्याले काम आहे तो घडी घालून उभा रायते का?”

त्यांचा मुद्दा मला पटतो. बाराही महिने स्वतःचा फोटो फ्लेक्सवर बघणाऱ्या माणसाला सुट्टीतही ‘तुम्हीच नायक आहात’ असं सांगणारं पुस्तक द्यायचं, तर मग सुट्टी कसली? गुरुजींची पारख याच्या बरोबर उलटी चालते. ज्या पुस्तकात वाचणाऱ्याचं पद कुठेतरी खालच्या पायरीवर बसलेलं असेल, ते पुस्तक. शिवाय ते दोनशे पानांच्या आत असलं तर बरं, अक्षर मोठं असलं तर आणखी बरं, आणि मध्येच फोन आला तरी धागा सुटू नये.

जिल्हा परिषदेच्या एका तरुण सदस्याला त्यांनी यशवंतराव चव्हाणांचं ‘कृष्णाकाठ’ दिलं. हा गडी आनंदला. महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री कसा झाला, ते आता क्रमवार कळणार! मुंबईला कामासाठी निघाला होता, विदर्भ एक्सप्रेसमध्ये वरच्या बर्थवर दिवा लावून बसला. गोंदियापासून मुंबई हजार किलोमीटरला थोडीच कमी, वाचायला रात्र मोठी. परत आला तो रागावूनच.

“गुरुजी, हे कसं पुस्तक देल्लं? मुख्यमंत्री व्हायच्या आधीच संपलं!”

“हाव. १९४६ लाच संपते.”

“मंग पुढचा भाग द्या.”

“पुढचे भाग लिहायचं त्यांच्या मनात होतं, पण ते राहूनच गेलं. आहे ते घे. देवराष्ट्राचं घर, आई, कराडची शाळा, तुरुंग.”

“पण पद कसं मिळालं, ते?”

“पद मिळायच्या आधी माणूस काय करत होता ते त्यात आहे. तू काय करत होता ते मले आठवते. तिसरीत तू माझा खडू खात होता.”

गावातल्या एका सरपंचांना ‘आज्ञापत्र’. रामचंद्रपंत अमात्यांचं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. पुस्तक पातळ दिसलं म्हणून सरपंचांनी आभार मानले. भाषा कळेना म्हणून आठ दिवसांत परत घेऊन आले आणि अडचण सांगितली: “गुरुजी, यात आरमाराचं प्रकरण आहे. आपल्या ग्रामपंचायतीले आरमार नाही.” गुरुजींनी चष्मा पुसला. तलाव तर आहे, म्हणाले. कोहळी लोकांनी बांधलेला, मालगुजारीच्या काळापासूनचा. त्याच्या मासेमारीचा ठेका कोणाला जातो, गाळ कधी काढला, पाळीवरची झाडं कोण तोडतं? आरमाराच्या त्याच प्रकरणात अमात्य बजावतात, की जहाजांसाठी लाकूड हवं असलं तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायचा नाही, कारण ती झाडं लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. सरपंचांच्या मनात तेव्हा रस्ता रुंद करण्याचं काम घोळत होतं आणि रस्त्याच्या कडेला सात मोहाची झाडं होती. रस्ता पुढे झाला, मोहाशी किंचित वळण घेऊन झाला. गावात कोणी म्हणतं पुस्तकामुळे, कोणी म्हणतं मोह सरपंचांच्या चुलत्याचे होते.

एका शाळेच्या मुख्याध्यापकांना ‘बनगरवाडी’ दिली. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर, त्याची ती एकखोली शाळा आणि मेंढ्यांमागे जाणारी पोरं. गुरुजींना वाटलं, मुख्याध्यापकांना आपल्या नोकरीचं पहिलं वर्ष आठवेल. मुख्याध्यापकांनी पुस्तक खरोखर शेवटपर्यंत वाचलं. प्रश्न एकच विचारला: “मास्तरानं गावकऱ्यांना घेऊन तालीम बांधली, ते ठीक. पण अंदाजपत्रक कुठं दिसत नाही. निविदा कोणी मंजूर केली?” गुरुजी त्या दिवशी जेवले नाहीत, असं त्यांच्या घरून कळलं.

गोंदिया शहरातल्या एका तांदूळ गिरणीच्या मालकांची गोष्ट निराळी. त्यांच्या घरी हिंदी बोलली जाते, व्यापाऱ्यांच्या भांडणात मध्यस्थीला त्यांनाच बोलावतात. त्यांना गुरुजींनी प्रेमचंदांच्या कथा दिल्या आणि ‘पंच परमेश्वर’ला कागदाची खूण घातली. पंचाच्या आसनावर बसल्यावर मैत्री आणि वैर दोन्ही विसरावं लागतं, अशी ती कथा. मालकांनी कथा वाचली, पुस्तक स्वतः गाडीने परत आणून दिलं आणि जाताना हळूच म्हणाले, “गुरुजी, कहानी बढ़िया है. लेकिन मेरे साढ़ूभाई को मत देना. हमारा एक मामला उन्हीं के पास है.”

तालुक्याला नव्याने आलेल्या एका साहेबांना ‘अंमलदार’ नाटक दिलं होतं. गोगोलच्या रशियन नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी केलेलं. गावात तपासणीसाठी मोठा अधिकारी आलाय असं समजून सगळे एका भलत्याच पोराची बडदास्त ठेवतात, असं ते नाटक. साहेब एका रात्रीत वाचून हसले म्हणे. दुसऱ्या दिवशी विश्रामगृहात उतरलेल्या पाहुण्यांची ओळखपत्रं मात्र त्यांनी जातीने तपासली.

आता त्या सरपंचबाईंविषयी सांगायला हवं. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यातल्या किती खुर्च्यांवर नवराच बसतो हेही सगळ्यांना माहीत आहे. वाचनालयातही आधी नवराच आला. “बाईच्या नावानं द्या एखादं, मी नेतो.” गुरुजींनी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ काढलं, नोंदवहीत बाईंचं नाव लिहिलं आणि पुस्तक परत टेबलाच्या आत ठेवलं. “वाचणाऱ्याची सही पायजे.” नवरा म्हणाला, ग्रामसभेच्या कागदावर तर चालते. गुरुजी म्हणाले, ग्रामसभा वेगळी, वाचनालय वेगळं; इथं नियम आहेत. दोन दिवसांनी बाई स्वतः आल्या. पदर नीट केला, सही केली, पुस्तक नेलं.

लक्ष्मीबाईंनी आपल्या नवऱ्याचा, म्हणजे कवी ना. वा. टिळकांचा विक्षिप्तपणा, घरातून न सांगता निघून जाणं, हातातला पैसा उधळून टाकणं, हे सारं इतकं मिश्किलपणे लिहिलं आहे, की त्या माणसाचा राग येत नाही आणि तो सुटतही नाही. सरपंचबाईंनी ते बचत गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कर्जाचे हप्ते आधी, मग दोन प्रकरणं. बायका पोट धरून हसायच्या आणि आपापल्या घरचे टिळक एकमेकींना सांगायच्या. पुस्तक परत करताना बाई म्हणाल्या, “गुरुजी, इतकं सारं लिहिलं तिनं नवऱ्याबद्दल, तरी तिचं बी काही गेलं नाही अन् त्याचं बी काही गेलं नाही. मंग आपण काऊन भ्यावं?” पुढच्या ग्रामसभेत ठरावाच्या कागदावर त्यांनी स्वतः सही केली. आधी वाचला, मग केली. नवरा आता गुरुजींना रस्त्यात भेटला की दुसरीकडे पाहतो.

गुरुजींचा खरा ओढा मात्र आपल्या मातीतल्या पुस्तकांकडे आहे. व्यंकटेश माडगूळकर आमच्या नागझिऱ्याच्या जंगलात येऊन राहिले आणि ‘नागझिरा’ लिहून गेले. मारुती चितमपल्ली वनखात्यातल्या नोकरीत नवेगावबांधला होते, त्यांचं ‘नवेगावबांधचे दिवस’ आहे. सोलापूरचा हा माणूस इथल्या माधवराव पाटील डोंगरवारांचं बोट धरून पाखरं आणि झाडं शिकला, आणि इथे जन्मलेल्यांना मात्र तलावावर कोणते पक्षी उतरतात ते सांगता येत नाही, हे गुरुजींचं जुनं दुखणं. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हापासून पुढाऱ्यांच्या सुट्ट्या तिकडेच जातात. गाडीतून उतरायचं, वाघ मागायचा, तासाभरात दिसला नाही तर गाईडवर डाफरायचं. गुरुजी अशा प्रत्येकाच्या हातात ‘नागझिरा’ ठेवतात. एक नेता परत येऊन म्हणाला, “पुस्तक वाचलं गुरुजी, पण वाघ नाही दिसला.” गुरुजी म्हणाले, “वाघानं तुले पाहिलं असेल. त्यानं काय म्हटलं असेल त्याचा विचार कर.”

भिलारला २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं आणि पुढे सरकारने ही योजना वाढवताना नवेगावबांधचंही नाव त्यात घातलं. तेव्हा गुरुजींना लोक पेढे द्यायला आले. त्यांनी पेढा घेतला आणि एवढंच विचारलं, की पुस्तकांच्या गावात माणसं कोणत्या गावची येणार?

सगळे पुढारी तक्रार करतात की वेळ मिळत नाही. त्यावर गुरुजींचा एक सिद्धांत आहे आणि तो ते चहा पाजल्याशिवाय सांगत नाहीत. आपल्या देशातल्या मोठ्या पुढाऱ्यांना वाचायला-लिहायला सवड कोणी दिली? इंग्रजांनी. लोकमान्य टिळकांना मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं मिळाली, ‘गीतारहस्य’ झालं. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली, आणि पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात बसून हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. सरकारी खर्चाने राहणं, वेळेवर जेवण आणि भेटायला येणाऱ्यांवर बंदी. “आजकाल जामीन लवकर भेटते,” गुरुजी उसासा टाकतात, “म्हणून वाचन मागं पडलं.”

एक सोसायटीचे अध्यक्ष निवडणूक हरले आणि सांत्वनासाठी वाचनालयात आले. गुरुजींनी त्यांना १९५४ ची आठवण दिली. तेव्हा आपण भंडारा जिल्ह्यात होतो. गोंदिया वेगळा झाला १९९९ साली. तर १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. मुंबईला ज्यांनी ‘राजगृह’ हे घर पुस्तकांसाठी म्हणून बांधलं, ते बाबासाहेब. ते हरले.

अध्यक्षांनी भलताच अर्थ काढला. “म्हणजे जास्त वाचलं की हरते माणूस?”

“जिंकला त्याचं नाव सांग बरं.”

अध्यक्ष खूप वेळ छताकडे बघत बसले. शेवटी त्यांनी एक पुस्तक मागून घेतलं. कोणतं ते गुरुजींनी मला सांगितलं नाही. वर्गणीदाराची गोपनीयता ते डॉक्टरांपेक्षा कडक पाळतात.

मध्यंतरी एका उत्साही कार्यकर्त्याने त्यांना मोबाइलवर दाखवलं, की अमेरिकेचे माजी अध्यक्ष ओबामा दर उन्हाळ्यात आपण वाचलेल्या पुस्तकांची यादी जाहीर करतात, बिल गेट्सही करतात. गुरुजींनी दोन्ही याद्या डोळ्यांजवळ नेऊन वाचल्या. “चांगल्या आहेत. पण परत केल्याची तारीख कुठंच नाही.”

परत आलेलं पुस्तक वाचलं गेलं की नुसतं फिरून आलं, हे ओळखायची त्यांची एक युक्ती आहे. चाळिसाव्या पानापाशी ते तेंदूचं वाळलेलं पान ठेवून देतात. पुस्तक उघडून वाचलं तर ते चुरतं, नाहीतर अखंड परत येतं. ही गोष्ट फुटायला वेळ लागला नाही. मग एका वर्षी सगळीच पानं चुरलेली परत येऊ लागली. गुरुजी खूष. त्यांनी एकेकाला एकेक बारीक प्रश्न विचारला आणि कोणालाच उत्तर येईना. चौकशीअंती कळलं की तेंदूपान मोडायचं काम साहेबांनी स्वीय सहायकाकडे दिलं होतं.

पण त्याच चौकशीत दुसरी गोष्ट बाहेर आली. एका अध्यक्षांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दारातून आलं. उंबरठ्याबाहेर चप्पल न काढता उभा असलेला त्यांचा ड्रायव्हर बोलला होता. लग्नसराईत साहेब दिवसाला सहा-सहा मांडव करतात. प्रत्येक मांडवाबाहेर बोलेरोत तासभर ड्रायव्हर एकटा, डॅशबोर्डवर साहेबांचं पुस्तक. एसी लावायची मुभा नाही, मोबाइलला रेंज नाही. करणार काय? ‘नवेगावबांधचे दिवस’ त्याने दोनदा वाचलं होतं. ‘आज्ञापत्र’ निम्मं. लक्ष्मीबाई तर बायकोलाही नेऊन दिल्या होत्या.

अध्यक्ष ओशाळले नाहीत, उलट अभिमानाने म्हणाले, “माझाच ड्रायव्हर आहे.” गुरुजी त्या दिवशी काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून यादीत एक नवा रकाना आला, लाल पेनाने आखलेला: गाडी कोण चालवतो. पुस्तक आता त्याच्याकडे बघून ठरतं. शिक्षण किती, वय किती, लांबच्या फेऱ्या किती. वाटेत ड्रायव्हर साहेबांना गोष्ट सांगतो, साहेब ती ऐकतात आणि संध्याकाळच्या भाषणात आपली म्हणून ठोकून देतात. मी त्या अध्यक्षांची हल्लीची तीन भाषणं ऐकली. पूर्वीपेक्षा बरी आहेत. त्यात चक्क एक बगळा होता.

विचार वाचणाऱ्याकडून निघून पदाकडे पोहोचला की गुरुजींचं समाधान होतं. मधल्या प्रवासाचं भाडं ते मागत नाहीत. मला विचाराल तर जिल्ह्यातल्या कुठल्याही नेतृत्व-शिबिरापेक्षा ही पद्धत जास्त उपयोगाची आहे, आणि स्वस्तही.

तुमच्याकडे एखादं पद असेल, अगदी गृहनिर्माण सोसायटीच्या चिटणिसाचं का असेना, आणि मे महिन्यात तुम्ही आमच्याकडे नवेगावबांध-इटियाडोहच्या बाजूला येणार असाल, तर अशा गुरुजींना जरूर भेटा. पद सांगत बसू नका, किती पानं झेपतील तेवढं सांगा. चप्पल बाहेर काढा. ड्रायव्हर असेल तर त्याला आत घेऊन जा. आणि पुस्तक पावसाच्या आधी परत करा. एकदा रोवणी लागली की गुरुजी दिवसभर बांधीत असतात आणि वाचनालयाला कुलूप असतं.